आपल्याच बाजूचा अंपायर

भातकापणी उरकली, मळ्यांतले पाणी आटले की नेरळच्या आसपासच्या गावांत क्रिकेट सुरू होते. धसकटे उपटून, माती ठोकून पट्टी तयार होते. मागे माथेरानचा डोंगर, एका बाजूने रेल्वेची लाईन आणि मध्ये टेनिस बॉलचा खेळ. मोठ्या सामन्यांना बाहेरून अंपायर बोलावतात. रोजच्या खेळाला अंपायर कुठून आणणार? मग बॅटिंग करणाऱ्या संघातलाच, ज्याचा नंबर अजून आलेला नाही असा एक मुलगा स्टंपामागे जाऊन उभा राहतो. आपलाच मित्र धावबाद झाला का, हे त्यानेच सांगायचे असते.

ही पद्धत सोयीतून आली आहे. शिक्षणतज्ज्ञ बसवून ती कोणी ठरवलेली नाही. तरीही आम्हाला वाटते, खेळातून नीती शिकवण्याविषयी जेवढे काही बोलले जाते, त्याचे सार त्या स्टंपामागच्या मुलाच्या बोटात आहे. त्याने बोट वर केले तर घरचे रागावतात, नाही केले तर खोटे पडते. आणि दोन्ही पाहायला सगळे गाव बसलेले असते.

त्या वेळी मुले जी कारणे पुढे करतात, ती नीट ऐकण्यासारखी असतात. एक म्हणतो, "अंपायरने दिले नाही, तर मी कशाला जाऊ?" दुसरा म्हणतो, "मागच्या वेळी त्यांनी आपल्याला फसवले होते." तिसरा म्हणतो, "गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे." पहिल्या कारणात कायद्याचा आडोसा आहे, दुसऱ्यात सूड आहे, तिसऱ्यात कौम आहे. मोठी माणसे कोर्टकचेरीत आणि निवडणुकीत जे बोलतात, त्याहून यात वेगळे काय आहे?

आपल्या दीनमध्ये या तिन्हींची उत्तरे आहेत. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष देण्याचा हुकूम आहे. ती स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी. सूरह माइदामध्ये बजावले आहे की एखाद्या लोकसमूहाविषयीच्या वैरापायी इन्साफ सोडू नका. आणि हार कशी घ्यावी, याचा धडा हदीसमध्ये आहे. हुजूर (स.) यांची 'अज़बा' नावाची सांडणी शर्यतीत कधी हरत नसे. एकदा वाळवंटातल्या एका साध्या माणसाचा जवान उंट तिच्या पुढे गेला. सहाबांना ते फार लागले. तेव्हा हुजूरांनी समजावले की दुनियेत जे उंच चढते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा रिवाज आहे. शर्यत बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. त्या माणसाने लबाडी केली असेल, अशी शंकाही काढली नाही. वाजात हे आपण अनेकदा ऐकतो. मैदानात मात्र विसरतो.

आता थोडे इतिहासाकडे वळू. कारण आपल्या मुलांपुढचा हा प्रश्न मुंबईच्या मैदानावर एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता.

ज्या 1907 साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईच्या क्रिकेटमध्ये एक नवी गोष्ट घडली. युरोपियन आणि पारशी यांच्यात आधीपासून चाललेल्या सामन्यांत हिंदूंचा संघ दाखल झाला आणि स्पर्धा तिरंगी झाली. 1912 साली मुसलमानांचा संघ आला, ती चौरंगी झाली. 1937 साली उरलेल्यांचा, म्हणजे ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा 'रेस्ट' हा संघ आला, ती पंचरंगी झाली. सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे याच 'रेस्ट' संघातून खेळत. मरीन लाइन्सच्या किनाऱ्याला पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने आजही एका ओळीत उभे आहेत. ती ओळ त्या काळाची खूण आहे.

या स्पर्धेत माणूस घडत होता की बिघडत होता? दोन्ही घडत होते. आधी बिघडण्याची गोष्ट सांगू, कारण ती आपल्या मराठी मुलखाची आहे. बाळू पालवणकर हा त्या काळचा हिंदुस्थानातला थोर डावखुरा गोलंदाज. जातीने चांभार. पुण्यात त्याच्या गोलंदाजीची कीर्ती पसरली तेव्हा सामना जिंकण्यासाठी सवर्ण संघाला तो हवा होता; पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. 1920 साली हा अन्याय सहन न होऊन त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. पुढे 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी जिंकली.

यातून काय शिकायचे? एकाच चेंडूने, एकाच पट्टीवर खेळून माणसे आपोआप समान होत नाहीत. बाळूबरोबर खेळणाऱ्यांना खेळाचे नियम पाठ होते, पण आपल्याच संघातला अन्याय पाहायला त्यांना फार वर्षे लागली. दोघा भावांनी मैदानाबाहेर राहून तो दाखवून दिला, तेव्हा काहींचे डोळे उघडले. म्हणजे मैदानावरची नीती शिकवायची असेल, तर पहिला धडा आपल्याच बाजूकडे पाहण्याचा हवा. आपल्या जमातीच्या संघातही कोणाचा मुलगा पुढे घेतला जातो आणि कोणाचा मागे राहतो, आपल्या मुली मैदानाच्या कडेपर्यंत तरी येतात का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. बाळूची कथा सांगून हिंदू समाजाला बोल लावणे सोपे आहे. ती ऐकून आपले घर तपासणे अवघड आहे.

आता घडण्याची गोष्ट. 1936 साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला होता. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांना 'विझी' म्हणत. संघात गटबाजी माजलेली होती. मँचेस्टरच्या कसोटीत दुसऱ्या डावाची सुरुवात विजय मर्चंट आणि इंदूरचे सय्यद मुश्ताक अली यांनी केली. मुश्ताक यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की विझींनी त्यांना बोलावून मर्चंटना धावबाद करायला सांगितले. कर्णधाराचा हुकूम होता. शिवाय पहिल्या डावात मर्चंट यांनी मारलेला चेंडू मुश्ताक यांच्या बॅटला लागून उडाला होता आणि त्यात मुश्ताकच धावबाद झाले होते. मनात किंतु धरायचाच असता, तर निमित्त होते. मुश्ताक यांनी काय केले? सरळ मर्चंटना जाऊन सांगितले. दोघे हसले आणि खेळायला उतरले. पहिल्या जोडीने 203 धावा केल्या. मुश्ताक 112, मर्चंट 114. परदेशातल्या कसोटीत शतक काढणारे मुश्ताक हे पहिले भारतीय ठरले आणि सामना वाचला.

हे दोघे मुंबईत परत आले की समोरासमोरच्या संघांतून खेळत. एक मुसलमानांकडून, एक हिंदूंकडून. मुश्ताक यांच्यापुढे त्या दिवशी आज्ञापालन आणि सचोटी असे दोन गुण एकमेकांविरुद्ध उभे होते. आज्ञापालन हा खेळातला मोठा गुण, शिस्त त्यावरच चालते. पण कोणत्या आज्ञेपुढे मान झुकवायची आणि कोणत्या नाही, हे ज्याला ठरवता येते, त्याच्या शिस्तीला अर्थ असतो. मैदानाने शिकवायचा विवेक तो हाच.

देशाची हवा मात्र वेगळीकडे वाहत होती. 1930 ते 1933 सविनय कायदेभंगाच्या काळात चौरंगी बंद राहिली. 1937 साली नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले. डिसेंबर 1940 मध्ये वर्ध्याला भेटायला आलेल्या मंडळींना गांधीजींनी स्पष्ट सांगितले की खेळात जातधर्मावर आधारलेले संघ आपल्याला पसंत नाहीत आणि मुंबईकरांनी ही पद्धत सोडावी. 1942 साली स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षी आपल्या डोंगरांत दुसरीच झुंज चालू होती. माथेरानचे भाई कोतवाल, ज्यांचा जन्म योगायोगाने 1912 चा, आझाद दस्त्यातल्या साथीदारांसह विजेच्या तारांचे मनोरे पाडत होते. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. नेरळच्या हुतात्मा चौकातून जाताना आम्हाला ही तारीख आठवते.

गांधीजींचे म्हणणे आम्हाला पटते. संघाला धर्माचे नाव दिले की सुटलेला झेल एका खेळाडूचा राहत नाही, तो कौमेचा होतो. वीस वर्षांच्या पोरावर लाखो लोकांच्या इज्जतीचे ओझे पडते. अशा ओझ्याखाली खरे बोलणे फार कठीण जाते.

कठीण, पण अशक्य नव्हे. 1944 सालचा पंचरंगीचा अंतिम सामना हिंदू आणि मुसलमान यांच्यात झाला. फाळणीचे वारे जोरात होते. हिंदूंचे कर्णधार विजय मर्चंट, मुसलमानांचे मुश्ताक अली; म्हणजे मँचेस्टरची तीच जोडी. मुसलमानांना जिंकायला 298 धावा हव्या होत्या. मुंबईचे के. सी. इब्राहिम सलामीला आले आणि शेवटपर्यंत उभे राहिले, नाबाद 137. एक गडी राखून मुसलमान जिंकले. हरलेले मर्चंट प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत गेले, मुश्ताकना मिठी मारली आणि विजय तुमच्याच हक्काचा होता, असे सांगितले. खचाखच भरलेल्या मैदानात दंगा झाला नाही. पुढे तेच इब्राहिम मुंबईच्या रणजी संघाचे कर्णधार झाले आणि 1948-49 मध्ये भारताकडून चार कसोटी सामने खेळले.

पंचरंगी 1946 नंतर पुन्हा भरली नाही. ती बंद झाली, हे बरे झाले. पण तिच्याबरोबर मर्चंट-मुश्ताक यांची गोष्टही आपण बंद करून टाकली, ते बरे झाले नाही. तो काळ दोघांनाही सांगत होता की समोरचा आपला वैरी आहे. दोघांनी ते ऐकले नाही, कारण 1936 साली एकाने दुसऱ्याला खरे सांगितले होते आणि ते खरे आठ वर्षे टिकले होते.

आज हे सांगण्याचे कारण आहे. 2008 साली आयपीएल आली आणि तिच्या पाठोपाठ आपल्या कोकणपट्टीत गावोगाव 'प्रीमियर लीग' सुरू झाल्या. संघाला मालक आले, मुलांवर बोली लागू लागली. त्यांतल्या काही लीग गावाच्या आहेत, काही समाजाच्या. अमुक समाजाची लीग, तमुक जमातीची लीग. आपल्यातही आहेत. त्यामागे वाईट हेतू असतो असे नाही. ओळखी वाढतात, दूरचे नातलग भेटतात, मुले वाईट वळणाला जात नाहीत. पण मुंबईने चाळीस वर्षे चालवून सोडून दिलेली वाट आपण नकळत पुन्हा धरत नाही ना, हे पाहिले पाहिजे. समाजाची लीग वर्षातून एकदा भरवावी. पण गावाचा संघ गावाचाच राहावा. त्यात आगरी, कुणबी, मराठा, आदिवासी, मुसलमान, बौद्ध सगळी पोरे असावीत. आपल्या मुलाला समाजाबाहेरचा जोडीदार मिळालाच नाही, तर तो मुश्ताक कधी होणार?

दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये वासिम जाफर यांनी उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्यावर धर्माच्या आधारे संघ निवडल्याचा आरोप झाला. त्यांनी तो मुद्देसूदपणे फेटाळला आणि अनिल कुंबळे यांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले होते, शिव्या मात्र महंमद शमी यांच्या धर्माला पडल्या. तेव्हा कर्णधार विराट कोहली पत्रकारांपुढे बसून म्हणाला की धर्मावरून कोणावर हल्ला करणे ही अत्यंत हीन गोष्ट आहे.

आपल्या घरातली मुले हे सगळे मोबाईलवर पाहतात. त्यांच्या मनात येते की आपल्याला कायम दुप्पट परीक्षा द्यावी लागणार. त्यांना खोटा धीर देऊन उपयोग नाही. परीक्षा आहे, हे मान्य करावे. पण कुंबळे आणि कोहली यांनी त्या दिवशी काय केले, तेही दाखवावे. आपल्याच बाजूच्या गर्दीविरुद्ध त्यांनी बोट वर केले होते. असा माणूस समोरच्या बाजूला असावा, अशी आपली इच्छा असेल, तर तसा माणूस आपल्याकडेही तयार झाला पाहिजे. सूरह निसाचा हुकूम दुसऱ्याच्या घरासाठी उतरलेला नाही.

म्हणून जमातीच्या बुजुर्गांना, शाळेतल्या शिक्षकांना आणि सामने भरवणाऱ्या तरुणांना आमचे साधे सांगणे आहे. चषक मोठा करा, बक्षिसे वाढवा, हरकत नाही. पण रोजच्या खेळातला तो आपल्याच बाजूचा अंपायर काढून टाकू नका. सामना संपल्यावर मुलांना घेऊन बसा आणि विचारा, आज कोणता निर्णय चुकला, का चुकला, आणि त्याच्या जागी तू असतास तर काय केले असतेस? ज्या मुलाने स्वतःच्या भावाला बाद दिले, त्याला त्या दिवशी घरी बोलणी बसणार नाहीत, एवढे आपण पाहावे. बाकीचे मैदान शिकवील.

संध्याकाळी माथेरानच्या डोंगराची सावली मळ्यावर येते, बॉल दिसेनासा होतो आणि शेवटच्या षटकावरून वाद सुरू होतो. तेवढ्यात मगरिबची अजान होते. मुले बॅटी उचलतात, कोणी मशिदीकडे वळतो, कोणी घराकडे. जाताना कोणीतरी कबूल करते, "अरे, कट लागली होती माझी." उशिरा का होईना, साक्ष दिली जाते. आम्हाला त्या पोराचे फार कौतुक वाटते.