वैमानिकाचा डोळा

आमच्या अहमदपुरावरून विमान जाऊ लागले की अंगणातली पोरे अजूनही माना वर करतात, आणि त्यांतले एखादे हमखास म्हणते, "मी पायलट होणार!" आपण मोठी माणसे त्याच्या अभ्यासाची चौकशी करतो, उंची मोजतो. डोळ्यांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ह्या विसरलेल्या डोळ्यांची हकीकत, वाचकहो, आज सांगावीशी वाटते.

ती आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. पहिल्या महायुद्धात अहमदपूर निजामाच्या राज्यात होते. निजाम मीर उस्मान अली खानांनी ब्रिटिशांच्या 110 क्रमांकाच्या विमान-पथकासाठी पैसा दिला. 1918 साली ते पथक 'हैदराबाद स्क्वाड्रन' ह्या नावाने फ्रान्सला गेले. आमच्या पूर्वजांच्या शेतसाऱ्यातला एखादा रुपया त्या विमानांत गेलाही असेल! मात्र स्वतः वैमानिक होणे फार थोड्या हिंदी तरुणांच्या नशिबी आले. त्यांपैकी एक, कलकत्त्यात 1898 साली जन्मलेला आणि लंडनला शिकलेला इंद्रलाल रॉय. "दृष्टी सदोष" म्हणून त्याला आधी परत पाठविले होते. पठ्ठ्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि तो निर्णय फिरविला. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा हवाई विजय लागले. 22 जुलैला तो पडला, तेव्हा वय होते अवघे एकोणीस.

ही गोष्ट ऐकून कोणाला वाटेल, डोळ्यांचा नियम म्हणजे नुसता सरकारी खोडा. तसे नाही. 1862 साली डच डॉक्टर स्नेलन यांनी अक्षरांचा तक्ता केला. 6/6 म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे वाचता येते, ते वाचणे. 6/9 म्हणजे इतरांना नऊ मीटरवरून दिसणाऱ्या अक्षरासाठी सहा मीटरवर यावे लागणे. जमिनीवर हा फरक क्षुल्लक. पण ताशी हजार किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांतले अंतर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरहून अधिक घटते. दूरचा ठिपका क्षणभर उशिरा दिसला तर? त्यातच झटकन वळताना शरीराचे वजन कित्येक पट वाढते, चष्मा नाकावरून घसरतो. रंगांचेही तसेच. तांबडा नि हिरवा दिवा ओळखता आलाच पाहिजे. त्यासाठी जपानच्या इशिहारांनी 1917 साली ठिपक्यांचे तक्ते छापले. जन्मजात रंगांधत्वाला आजही उपाय नाही.

काळ बदलला, नियमही थोडे सैलावले. अनुभवी वैमानिकाला पुढे चष्मा लागला, तर तपासणीनंतर चष्म्यासह उडू देतात. लेसरने नंबर घालविलेल्या उमेदवारालाही अटींवर घेतात, परंतु शस्त्रक्रिया वयाची 20 वर्षे पुरी झाल्यावरची हवी. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मात्र साडेएकोणीसपर्यंतच प्रवेश! म्हणजे बारावीनंतर तेथून वैमानिक होऊ पाहणाऱ्याला ही वाट बंदच. त्याने पदवी घेऊन पुन्हा दार ठोठवावे.

महाराष्ट्रातल्या मुलांना ह्या मार्गाला लावण्यासाठी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1977 साली सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था निघाली. मुले लेखी परीक्षा देतात, पाच दिवसांची निवडचाचणी पार करतात, आणि वैद्यकीय तपासणीत कित्येकांना आपला नंबर पहिल्यांदा कळतो. तोवर फळ्यावरचे अंधुक दिसणे त्यांनी स्वाभाविकच मानलेले असते. मला खरे दुःख होते ते ह्याचे. रॉयला विकायला मोटारसायकल तरी होती!

म्हणून सांगणे एवढेच: मूल शाळेत घातले की त्याचे डोळे तपासून घ्या, रंगांची परीक्षाही करा. दिवसाउजेडी त्याला मोकळ्यावर खेळू द्या, अशा मुलांत लांबचे अंधुक दिसण्याचा दोष कमी सुरू होतो, असे दिसून आले आहे. नंबर निघालाच तर चष्मा लावा. जमिनीवरच्या शाखांत तो मर्यादेत चालतो, आणि हवाई दल काही केवळ वैमानिकांवर उडत नाही.