‘कालियामर्दना’ची पुनर्जुळणी

निपाणी-बेळगावकडील देवळांतून कीर्तनकार कालियामर्दनाचे आख्यान लावतात. ते मुखोद्गत असल्याने त्याच्या नाशाचे भय नाही. चित्रपटाचे मात्र तसे नव्हे. फीत गेली की तोही गेला. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी निर्मिलेला ‘सावकारी पाश’ (१९२५) हा गाजलेला मूकपट आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही व लवकर कुजणारी. शिवाय तीतील चांदीच्या लोभानेही कित्येक फिती नष्ट झाल्या.

दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) मात्र पुष्कळसा वाचला. त्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर हे हाडाचे चित्रपटप्रेमी. फाळके कुटुंबीयांकडील रिळे त्यांनी मिळविली आणि फाळक्यांच्याच टिपणांच्या आधारे विस्कळित तुकड्यांचा क्रम लाविला. रिळांइतकीच ती टिपणेही मोलाची ठरली.

आपण जीर्ण पोथीचे सुटे पानही टाकीत नाही. कोणाच्या माळ्यावर जुनी रिळे वा चित्रपटाचे कागद असतील, तर तेही भंगारात न घालता संग्रहालयास कळवावे. आणि रिळे विस्तवापासून दूर ठेवावीत.