टाकाऊ शिडांची साक्ष

इतिहासाच्या साधनांत शिलालेख, ताम्रपट, नाणी व बखरी यांना आपण मानाचे पान देतो. चिंधीची गणना त्यांत सहसा होत नाही. परंतु प्राचीन गलबतांची शिडे कशाची होती, हा प्रश्न निघाला की चिंधीचाच आश्रय करावा लागतो. जहाज बुडाले तर लाकूड व मडकी तळाशी राहतात. शीड बहुधा कुजून जाते. जी शिडे जीर्ण झाल्यावर दुसऱ्या कामी लागली किंवा कोरड्या उकिरड्यात पडली, त्यांचेच काय ते अवशेष मुख्यत्वे आपल्या हाती आले आहेत.

फ्रान्समधील लियाँ येथे टॉलेमी राजवटीतील एका ममीचे लिननचे वेष्टन तपासले असता ते जुने शीड निघाले. मृतदेह गुंडाळण्यास वापरलेली वस्त्रे घेण्याची ईजिप्तमध्ये रीतच होती. शीड आवरण्याच्या दोऱ्या ओवण्याची लाकडी कडी त्या कापडाला तशीच राहिली होती, म्हणून ओळख पटली. नॉर्वेतील ट्रोंडेनेसच्या चर्चमध्ये छपराच्या फटी बुजवण्यासाठी मध्ययुगीन लोकरी शिडाचे तुकडे कोंबलेले होते. त्यांची वीण पाहूनच आजच्या कारागिरांना तशी शिडे पुन्हा विणता आली.

आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा पुरावा तांबड्या समुद्राच्या काठचा आहे. बेरेनिके या रोमनकालीन बंदरात १९९४ पासून उत्खनन झाले. तेथील इसवी सनाच्या पहिल्या शतकातील उकिरड्यात सुती शिडांच्या चिंध्या मिळाल्या. त्यांवरील बळकटीच्या पट्ट्यांची जोडणी भूमध्य समुद्रातील जहाजांच्या पद्धतीची आहे. सुताचा पीळ मात्र हिंदुस्थानी वळणाचा, म्हणजे ईजिप्तमधील रूढ पिळाच्या उलट आहे. याचा अर्थ असा की, पश्चिमेकडील बांधणीची जहाजे हिंदी कापडाच्या शिडांवर चालत होती. मोसमी वाऱ्याने येऊन पुढच्या वाऱ्याची वाट पाहणाऱ्या नाविकांनी फाटके शीड येथल्या कापडाने बदलले असावे, हे अनुमान सयुक्तिक वाटते.

त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण व चौल ही बंदरे येतात. तगर, म्हणजे मराठवाड्यातील तेर, येथून भडोचला पुष्कळ कापड जात असे, असेही त्यात म्हटले आहे. शिडाचे सूत नेमके कोणत्या गावचे, हे चिंधी सांगत नाही. पण ग्रंथात जे कापड केवळ विक्रीचा माल म्हणून दिसते, तेच जहाजाला गती देणारे साधनही होते, ही गोष्ट चिंधीवाचून कळली नसती.

आपल्या वर्गांत या व्यापाराचा धडा शिकवताना आपण मिरे, मलमल व रोमन सुवर्णनाणी यांची यादी पाठ करून घेतो. त्या यादीत विणकर कोठेच नसतो. बेरेनिकेच्या उकिरड्याने त्याला बाजारपेठेतून उचलून थेट डोलकाठीपाशी नेऊन उभे केले आहे. यापुढे तो धडा शिकवताना त्याची ही जागा विद्यार्थ्यांस दाखवणे, हे आपणा शिक्षकांचे कर्तव्य होय.