न पडलेल्या उंदराची साक्ष

येरवड्याच्या तुरुंगात दामोदर चापेकरांना प्लेग अधिकारी रँडच्या खुनाबद्दल १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. रँडच्या गोऱ्या शिपायांनी पुण्यात घरोघर शिरून प्लेगचे रोगी शोधले, सामानसुमान रस्त्यावर फेकले, तो खून त्याचा सूड होता. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच, जूनमध्ये, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदराच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे प्रयोगाने दाखवले. म्हणजे सोजीर घराघरात शिरत होते, तेव्हा खरा अपराधी आढ्यावर आणि बिळात होता. लोकांना याची निम्मी खूण पटलेली होती. घरात उंदीर मरून पडू लागले, की बिऱ्हाड उचलून माळावर झोपडी घालायची.

पडलेला उंदीर सगळ्यांना दिसला. न पडलेल्याकडे लक्ष गेले ते मुंबईत. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत एका वर्षात लाखावर उंदीर तपासले. पुढे त्यांनी मुंबईचे आणि मद्रासचे उंदीर शेजारी ठेवून दोघांनाही प्लेगचे जंतू टोचले. मद्रासला प्लेगची झळ फारशी लागली नव्हती. तिथले उंदीर भराभर मेले. मुंबईचे बरेच तगले. साथींमागून साथींत कमजोर मरत गेले, उरलेल्यांची पिल्ले चिवट निघाली. हाफकिन संस्थेत सोखी आणि चित्रे यांनी १९३७ मध्ये हाच धागा पुढे नेला.

पण चिवटपणा वेगळा आणि साक्ष वेगळी. वंशातून आलेली ताकद एखाद्या उंदराला प्लेग होऊन गेला की नाही, हे सांगत नाही. ते त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे सांगतात. त्यासाठी आधी जंतूचा ओळखीचा तुकडा हाती यायला हवा होता. तो १९५२ मध्ये अमेरिकेत कार्ल मेयर यांच्या गटाने वेगळा काढला: एफ-वन, म्हणजे जंतूचे बाहेरचे आवरण. पिसवेच्या थंड पोटात ते जवळजवळ बनत नाही; उंदराच्या ऊबदार अंगात भरभरून बनते, त्यामुळे वाचलेल्या उंदराला त्याची चांगलीच ओळख होते. मेंढीच्या तांबड्या पेशींवर हे आवरणाचे प्रथिन चढवून त्यात उंदराच्या रक्ताचा रस घातला, की प्रतिपिंडे असल्यास पेशी थाळीतल्या खळग्याच्या तळाशी चादरीसारख्या पसरतात. नसल्यास मधोमध ठिपका उरतो. इतकी साधी चाचणी, पण मेलेल्या उंदराची वाट पाहायला नको. १९७४ मध्ये चेन आणि मेयर यांनी वेगवेगळ्या जातींच्या उंदरांना प्लेग देऊन त्यांचा प्रतिकार आणि प्रतिपिंडे ताडून पाहिली.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर पडले, माणसांना गाठी आल्या आणि ही चाचणी महाराष्ट्राच्या कामी आली. तिला मर्यादाही आहे. काही महिन्यांत प्रतिपिंडे ओसरतात, आणि रानातले उंदीर फार जगत नाहीत. म्हणून प्लेगवर पाळत ठेवणारे गावच्या कुत्र्यांचेही रक्त घेतात. प्लेगचा उंदीर खाऊन कुत्रे सहसा मरत नाही, पण त्याच्या रक्तात प्रतिपिंडे उमटतात.