कोळसा की पाणी? मुंबईच्या विजेचा शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब (धागा)

कोणती वीज चांगली, हा वाद हल्ली कोळसा विरुद्ध सूर्य असा रंगतो. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांपूर्वी कोळसा विरुद्ध पाणी असा होऊन गेला आहे. त्या वेळी काय मोजले गेले आणि काय मोजायचे राहिले, हा आजच्या धाग्याचा विषय.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. वाफेला कोळसा हवा, आणि मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. तो बंगालकडून येई, काही परदेशातूनही. वाहतुकीचा भुर्दंड, पुरवठ्याची अनिश्चितता आणि गिरणगावावर सदैव पसरलेला धूर, असा तो एकूण व्यवहार होता.

उलट सह्याद्रीकडे पाहा. घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि माथ्यापासून कोकणतळापर्यंत सुमारे ५०० मीटरांची उतरण अवघ्या काही किलोमीटरांत होते. पाण्यातून मिळणारी ऊर्जा त्याच्या वजनाइतकीच उंचीवरही अवलंबून असते. ५० मीटरांच्या धरणाला जेवढे पाणी लागेल, त्याच्या दहाव्या हिश्श्यात येथे तेवढीच वीज निघते. हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आले, तर गणिताने १.३६ युनिट ऊर्जा मिळते. थोडी गळती धरली तरी, आजच्या औष्णिक केंद्रात तेवढ्या विजेसाठी पाऊण किलोच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. एका टाकीभर पाण्याने केलेले हे काम विलक्षणच म्हटले पाहिजे.

जमशेटजी टाटांनी ही कल्पना उचलून धरली; ती प्रत्यक्षात आली त्यांच्या निधनानंतर. १९११ साली लोणावळ्याजवळ धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. पुढे भिवपुरी, मग भिरा. जलविद्युतेचा आणखी एक गुण गिरणीमालकांच्या फार उपयोगाचा होता. थंड पडलेला बाष्पक तापवून यंत्र गतीला आणायला तास जातात. पाण्याची झडप उघडली की काही मिनिटांत वीज सुरू. संध्याकाळच्या वाढत्या मागणीला आजही हाच गुण कामी येतो.

येथवर पाण्याचे पारडे निर्विवाद जड आहे. मुळशीत मात्र हिशेब बदलतो.

मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे ठरले, तेव्हा पाण्याखाली जाणारी गावे पन्नासहून अधिक होती आणि शेते आंबेमोहोर पिकवणारी. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. कारावासही त्यांनी याच लढ्यात भोगला. विनायकराव भुस्कुटे हे दुसरे प्रमुख नाव.

आपल्या पाठ्यपुस्तकी आठवणीतून एक बारकावा नेहमी निसटतो. पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेली होती, कसणारे मात्र मावळे. मोबदला कागदावरच्या मालकाला मिळतो. त्यामुळे रकमेची घासाघीस करण्यात सावकाराला रस होता, आणि ज्याच्या हाती जमीन कसण्यावाचून काहीच नव्हते, त्याला कोणतीही रक्कम पुरेशी नव्हती. १८९४चा भूसंपादन कायदा, सरकार आणि कंपनी एका बाजूला. दुसऱ्या बाजूची फळी अशी आतूनच दुभंगलेली. १९२४पर्यंत लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले.

पाण्याची वीज स्वस्त ठरली, कारण तिच्या जमाखर्चात मावळ्याचे भात धरलेच नव्हते. माझ्या मते यामुळे जलविद्युतेचे गुण खोटे ठरत नाहीत. तुलना मात्र अपुरी ठरते. कोळशाबाबतही हेच घडले आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या युनिटदरात तेथील राख आणि श्वासाचे विकार कोठे दिसतात?

दुसरी नोंद राहिली ती नदीची. ही धरणे भीमेच्या खोऱ्यात आहेत. मुळा, इंद्रायणी आणि तिच्या उपनद्यांचे पाणी मुळात पूर्वेला पंढरपूर, सोलापूरकडे जाणारे. वीज करण्यासाठी ते पश्चिमेला सोडले जाते आणि पाताळगंगा, उल्हास, कुंडलिका यांना मिळते. (कोलाडला राफ्टिंगला गेला असाल, तर ज्या पाण्यावर तुमची होडी तरंगली ते भिऱ्याच्या वीजघरातून आलेले होते.) दुष्काळी वर्षी हे पाणी पूर्वेकडे सोडण्याची मागणी जोर धरते. कोयनेतही हाच पेच आहे. तेथे कृष्णा पाणी तंटा लवादाने विजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. परंतु गेल्या शतकभरात कोकणातली गावे आणि कारखानेही या वळवलेल्या पाण्यावर उभे राहिले. आता ते परत मागायचे, तर कोणाच्या नळातून?

२०२३ साली टाटा पॉवरने राज्य शासनाशी शिरोता येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. दिवसा स्वस्त वीज असताना पाणी वर चढवायचे, रात्री तेच खाली सोडून वीज करायची. सूर्य मावळल्यावर सौर पट्ट्या निरुपयोगी होतात आणि ती उणीव भरून काढायला पुन्हा सह्याद्रीचीच उतरण लागते. पाणी तेच वर-खाली फिरणार असल्याने नदीवरचा बोजा येथे कमी राहावा. जलाशयासाठी नवी जमीन किती आणि कोणाची लागेल, हे प्रकल्पाच्या कागदपत्रांत पहिल्यांदा शोधावे.