कोकणातली गरम पाण्याची कुंडं: गंधक, पाऊस आणि तुमची त्वचा

"डॉक्टर, गोळ्या-मलम नको. तुरळच्या कुंडात चार वेळा अंघोळ केली की खाज जाईल ना? तिथल्या पाण्यात गंधक आहे." रत्नागिरी जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न नवा नाही. कोणाला नायटा झालेला असतो, कोणाला सोरायसिस, कोणाचे गुडघे दुखत असतात. कुंडावर जाणं ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे आणि तिची चेष्टा करण्याचं काही कारण नाही. पण 'गंधक आहे म्हणून पाणी गरम आहे आणि गंधक आहे म्हणून रोग बरा होतो' या समजुतीचं काय? तिची तपासणी डॉक्टरांपेक्षा भूशास्त्रज्ञांनी जास्त केली आहे. गेल्या दीडशे वर्षांतली ती हकीकत आज थोडक्यात सांगतो, कारण तिचा तुमच्या पायाशी आणि त्वचेशी थेट संबंध आहे.

झरे एका रांगेत का?

आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर गरम झऱ्यांची ठिकाणं खुणा करून बघा. उत्तरेकडे दापोली तालुक्यातलं उन्हवरे, मग खेड, पुढे संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि दक्षिणेला राजापूरजवळचं उन्हाळे. 'ऊन' म्हणजे गरम. गावांच्या नावातच पाणी आहे. उन्हवऱ्याचं पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस, तुरळचं सुमारे ६० अंश, तर राजापूरचं अंगाला सोसेल असं, चाळिशीच्या थोडं वर.

या खुणा जोडल्या तर साधारण उत्तर-दक्षिण रेषा तयार होते. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या झऱ्यांची रांग सह्याद्री आणि समुद्र यांच्या साधारण मध्यावरून जाते अशी नोंद आहे. हीच रांग वर रायगड, ठाणे, पालघरपर्यंत जाते. वज्रेश्वरी आणि गणेशपुरीची कुंडं त्याच माळेतली.

त्याच सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम देशभरच्या गरम झऱ्यांची यादी करत होते. ते १८७८ साली वारले. मुलगा रिचर्ड ओल्डहॅम यांनी ती यादी पूर्ण करून १८८२ साली छापली. त्यात सुमारे ३०० झरे होते. याच रिचर्ड ओल्डहॅमनी पुढे १९०६ साली भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं.

यादीतून एक गोष्ट कळली. झरे वाटेल तिथे उगवत नाहीत, ते खडकातल्या भेगांच्या ओळीवर येतात. पण पाणी तापतं कशाने, हे यादी सांगू शकत नव्हती.

पाणी तापवतं कोण?

पहिला संशय गंधकावर. लोकांची समजूत अशी की जमिनीत गंधक आहे, ते जळतं आणि पाणी तापतं. पण जळायला ऑक्सिजन लागतो. जमिनीत खोल, पाण्याखाली, शतकानुशतकं गंधक जळत राहणं शक्य नाही.

दुसरा संशय ज्वालामुखीवर. आपला काळा कातळ लाव्हारसाचाच आहे, हे खरं. पण तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्याची उष्णता केव्हाच निघून गेली. आज कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही.

खरं उत्तर साधं आहे. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पृथ्वीच्या पोटातली मूळची उष्णता आणि खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून निघणारी उष्णता, या दोन्हींचा हा परिणाम. कोकणात जमिनीवर सरासरी २७ अंश धरले तर अडीच-तीन किलोमीटर खाली खडक शंभर अंशांच्या आसपास असणार. तिथवर पाणी पोचलं की ते तापतं, हलकं होतं आणि एखाद्या रुंद भेगेतून भराभर वर येतं. वाटेत थंड व्हायला त्याला फारसा वेळ मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पाण्याला तोटा नाही. भेगा आहेत, खोली आहे. वेगळी भट्टी लागत नाही.

पाण्याची जन्मखूण

हे सगळं ऐकायला पटतं, पण पुरावा काय? तो मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

१९७० च्या दशकात तेलाच्या किमती भडकल्या आणि जमिनीतल्या उष्णतेपासून वीज करता येईल का, हा प्रश्न पुढे आला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लडाखमधल्या पुगा खोऱ्यात काम सुरू केलं आणि कोकणच्या झऱ्यांकडेही नव्याने पाहिलं गेलं. पाणी खाली किती तापलं होतं हे ओळखायची एक युक्ती तेव्हा हाती आली होती. गरम चहात साखर जास्त विरघळते, तशी गरम पाण्यात खडकातली सिलिका जास्त विरघळते. पाणी पटकन वर आलं तर ती सिलिका त्यात तशीच राहते. ती मोजली की खालच्या तापमानाचा अंदाज येतो. कोकणच्या काही झऱ्यांसाठी हा अंदाज शंभर अंशांच्या वर जातो.

दुसरी खूण पाण्याच्या अणूंमध्येच असते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे थोडे जड अणू प्रत्येक पाण्यात असतात आणि पावसाच्या पाण्यात त्यांचं परस्परांशी एक ठराविक नातं असतं. हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने ते १९६१ साली मांडलं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तुरळ-राजवाडीच्या पाण्याची अशी तपासणी केली. निष्कर्ष असा की हे पाणी मुळात पावसाचं आहे.

तिसरी खूण बुडबुड्यांची. २००० साली इटलीचे शास्त्रज्ञ आणि आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम यांच्या गटाने मध्य आणि पश्चिम भारतातल्या झऱ्यांच्या पाण्याचा आणि वायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्वालामुखीच्या झऱ्यात कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू भरपूर असतात. इथे मात्र मुख्यतः नायट्रोजन निघाला, म्हणजे पावसाच्या पाण्याने हवेतून बरोबर नेलेला वायू, आणि सोबत हेलियम. हेलियम हे जुन्या ग्रॅनाइटमधल्या किरणोत्सर्गाचं अपत्य. म्हणजे पाणी काळ्या कातळाच्याही खालच्या खडकापर्यंत जाऊन आलेलं आहे.

तर तुरळच्या कुंडात तुम्ही उतरता तेव्हा पावसाच्याच पाण्यात उतरता. फक्त ते फार खोलवर फिरून, क्षार घेऊन आणि तापून आलेलं आहे.

मग गंधकाचं काय?

काही कुंडांजवळ कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. आपलं नाक या वायूच्या बाबतीत कमालीचं तिखट असतं. हवेच्या एक कोटी भागांत त्याचा एखादा भाग असला तरी वास येतो. म्हणून वास उग्र म्हणजे गंधक भरपूर, असं होत नाही.

गंधक हे औषध आहे, यात शंका नाही. खरजेसाठी गंधकाचं मलम आजही वापरतात, तान्ह्या बाळांनाही चालतं. पण प्रमाण बघा. १० टक्के मलमात किलोमागे १०० ग्रॅम गंधक असतं. वास येणाऱ्या झऱ्याच्या लिटरभर पाण्यात ते फार तर काही मिलिग्रॅम, म्हणजे हजारो पटींनी कमी. शिवाय मलम रात्रभर अंगावर राहतं, पाणी पाच मिनिटांत निथळतं. खरजेचा किडा त्याने मरत नाही. उलट कुंडावर एकाच पंचाने चौघांनी अंग पुसलं तर खरूज चौघांच्या घरी जाते.

गंधकाआधी आणि गंधकानंतरही पाण्याला 'गुण' चिकटवले गेले आहेत. १९०३ च्या सुमारास जे. जे. थॉमसन यांना विहिरीच्या पाण्यात किरणोत्सर्गी वायू सापडला. युरोपातल्या गरम झऱ्यांतही तो मिळाला आणि लगेच जाहिराती सुरू झाल्या की झऱ्याची खरी शक्ती रेडियममध्ये आहे. अमेरिकेत रेडियमचं पाणी बाटल्यांतून विकलं गेलं. ते वर्षानुवर्षं पिणारे श्रीमंत उद्योगपती एबेन बायर्स १९३२ साली जबड्याची हाडं झडून मेले. पाण्यात एखादं द्रव्य सापडलं म्हणजे ते औषध ठरत नाही. किती आहे, शरीरात किती जातं आणि रोगावर काय करतं, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

औषधही उष्णता, धोकाही उष्णता

कुंडात बसल्यावर बरं वाटतं ते खरंच वाटतं. कोमट ते गरम पाण्याने स्नायू सैल होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, पाण्यात शरीर हलकं होऊन गुडघ्यावरचा भार कमी होतो. हा आराम काही तासांचा, कधी काही दिवसांचा. मूळ आजारावर तो कितपत चालतो? आमवातासाठी अशा स्नानांच्या अभ्यासांची कॉक्रेन संस्थेने २०१५ साली समीक्षा केली आणि पुरावा पुरेसा नाही असं सांगितलं. इसबाच्या रुग्णांना तर गरम पाण्याने त्वचा कोरडी पडून खाज वाढते.

आता धोका. १९४७ साली हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी कोणत्या तापमानाला त्वचा किती वेळात भाजते हे मोजलं. ४४ अंशांना खोलवर भाजायला सुमारे ६ तास लागतात. ४९ अंशांना सुमारे १० मिनिटं. ६० अंशांना अवघी ५ सेकंद.

तुरळच्या झऱ्याचं तापमान सुमारे ६० अंश. निरोगी माणूस पाय बुडवताच ओरडून बाहेर काढतो, म्हणून वाचतो. पण ज्याला चटका कळतच नाही त्याचं काय?

मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. कुष्ठरोगात चट्ट्याची आणि हातापायांची संवेदना जाते. आणि 'अंगावर चट्टे आहेत', 'पाय जड वाटतात, मुंग्या येतात' म्हणून कुंडाकडे जाणारे लोक बहुतेक वेळा हेच असतात. ज्या पायांना कुंडाची ओढ जास्त, त्याच पायांना कुंडाचा धोका जास्त. मधुमेह्याच्या बधिर पायावर उठलेला एक फोड चिघळून बोट कापण्यापर्यंत जाऊ शकतो.

दुसरं नुकसान वेळेचं. न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा घेऊन कोणी वर्षभर कुंडावर जात राहिलं, तर त्या वर्षात नस कायमची जाऊ शकते. कुष्ठरोगावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेली एकत्रित औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सहा महिने ते एक वर्षात रोग बरा होतो. पण गेलेली नस औषधाने परत येईलच असं नाही.

पाणी नाकात जाऊ देऊ नका

इंग्लंडमध्ये बाथ नावाचं गाव रोमन काळापासून गरम झऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. १९७८ साली तिथे पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने गेली आणि ते जुने हौद अंघोळीसाठी बंद झाले. कारण होतं नेग्लेरिया फावलेरी हा सूक्ष्म अमिबा. केरळमधल्या अलीकडच्या रुग्णांमुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तो ४५ अंशांपर्यंतच्या ऊन पाण्यात चांगला वाढतो आणि नाकावाटे मेंदूत शिरतो. पाणी पोटात गेल्याने हा रोग होत नाही. झऱ्याच्या तोंडाशी ६० अंशांना तो टिकत नाही, पण साचून निवलेल्या हौदात टिकू शकतो.

कुंडावर जाणार असाल तर

- पाणी आधी कोपराने तपासा, पायाने नाही. शक्य असेल तर थर्मामीटर न्या. ४० अंशांच्या वर असेल तर बादलीत काढून निववून घ्या.
- मधुमेह असेल किंवा हातपाय बधिर असतील तर कुंडात पाय सोडून बसू नका. वर्षातून एकदा पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या तारेची साधी, न दुखणारी तपासणी असते.
- दहा-पंधरा मिनिटांहून जास्त बसू नका. हृदयविकार, रक्तदाबाची औषधं किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उठताना सावकाश उठा, चक्कर येऊ शकते.
- डोकं बुडवू नका, मुलांना उड्या मारू देऊ नका.
- जखम किंवा फोड असेल तर पाण्यात उतरू नका.
- 'औषधी' म्हणून हे पाणी पिऊ नका. खोलवर फिरलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ ते १.५ मिलिग्रॅम आहे.
- खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावा आणि कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा.
- कोणताही चट्टा बधिर असेल तर आधी दवाखान्यात या.

पाहुण्यांना घेऊन तुरळला जरूर जा, राजापूरला जा. कोपर सोसेल इतक्या पाण्यात दहा मिनिटं बसा, थकवा जाईल. चट्ट्याचं, जखमेचं आणि बधिर पायाचं काम मात्र दवाखान्यावर सोपवा.