किल्ली नसलेली जीप

जीपची गंमत अशी, की ती मुळात कोणालाही चालू करता यावी म्हणून बनवलेली गाडी. १९४१ च्या सुरुवातीच्या विलिस एमबीला किल्ली होती, पण एकच किल्ली अनेक गाड्यांना चालायची. पुढे युद्ध चालू असतानाच ती किल्लीही गेली आणि साधा खटका आला. रणांगणावर किल्ली शोधत कोण बसणार?

हीच विलिस जीप महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली. नंतरच्या कित्येक डिझेल जीपना तर इंजिन बंद करायला दोरी ओढावी लागे. एकदा सुरू झालेल्या अशा इंजिनाला विजेची गरजच नाही, म्हणजे इमोबिलायझर अडवणार तो फक्त स्टार्टर. उतारावर धक्का मारला की काम झालं!

युरोपात १९९५ च्या निर्देशानंतर, १९९८ पासून, नव्या मोटारींत इमोबिलायझर कारखान्यातूनच येऊ लागला. आपल्याकडे जुन्या गाड्यांना तो बाहेरून बसवायचा. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्रासाठी ओन डॅमेज हप्त्यात अडीच टक्के सूट होती, जास्तीत जास्त ५०० रुपये. मान्यता यंत्राला. वायरी कापून ते बसवणार गल्लीतला इलेक्ट्रिशियन.

आणि गाडी समुद्रकाठची असेल तर मग विचारूच नका. रेवदंड्याला मित्राचे काका आहेत, नारळ-सुपारीची ने-आण करतात. त्यांची ९० च्या दशकातली फोर बाय फोर भरलेल्या पोत्यांसकट रुसली. स्टार्टर फिरतोय जोरात, इंजिन काही धरत नाही. हिच्या पंपावर डिझेल रोखणारा सोलेनॉइड आहे आणि त्याची वायर इमोबिलायझरच्या रिलेतून जाते.

"अरे, खोक्याचा लाल दिवा लागतोय की! करंट आहे," काका म्हणाले.

काका, दिव्याला चिमूटभर करंट पुरतो. रिले ओढायला त्याच्या कितीतरी पट लागतो. टेस्ट लॅम्प लावला: रिलेच्या आधी उजेड, सोलेनॉइडवर अंधार. किल्ली फिरवल्यावर रिलेचा 'टक्' आवाजच नव्हता. डॅशबोर्डखाली खोक्याची अर्थिंगची वायर गंजक्या पत्र्यात एका स्क्रूने अडकवलेली, आणि पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडाचं तांबं हिरवंगार. खारी हवा, दुसरं काय.

पत्रा घासला, नवा रिंग टर्मिनल लावला, जोड डाग देऊन पक्के केले, वरून व्हॅसलीन. टक्! पहिल्या फेऱ्यात सुरू.

खोकं काढून टाकू का, असं विचारलं. काका नाही म्हणाले, पण महिन्याभरात त्यांनी बॅटरीला एक कट-ऑफ खटकाही बसवून घेतला. त्याची दांडी काढून ते कमरेला लावून फिरतात.